मुक्त संगणक-प्रणाली निर्धोक आहे काय?

ज्या समजुतींत अर्धें सत्य असतें त्या निखालस खोट्या समजुतींहून अधिक घातक ठरतात. खोटी समजूत अनुभवाच्या पहिल्या धक्क्यास कोलमडते. अर्धें सत्य मात्र आपल्या खऱ्या अर्ध्याच्या आधारावर वर्षानुवर्षें तग धरून राहतें. संगणकाचा अभ्यास करणाऱ्या आपल्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत अशी एक समजूत बरीच रूढ आहे. ती ही कीं, लिनक्सला विषाणु लागत नाहींत. तिची आज्ञावली सर्वांस खुली असल्यामुळें तींत कोणाचें कपट लपूंच शकत नाहीं. या समजुतींत खरें किती व खोटें किती, याची छाननी करणें हें प्रस्तुत लेखाचें प्रयोजन आहे.

प्रथम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय तें पाहूं. शाळेंत जें काम मुख्याध्यापकांच्या कचेरीचें, तेंच काम संगणकांत या प्रणालीचें असतें. कोणता वर्ग कोणत्या खोलींत भरावयाचा, प्रयोगशाळेची किल्ली कोणाच्या हातीं द्यावयाची, घंटा केव्हां वाजवावयाची, हें जसें कचेरींत ठरतें, तसें स्मृतीचा कोणता भाग कोणत्या कामास द्यावयाचा, कोणती फाइल कोणास वाचूं द्यावयाची, पडदा, कळफलक व छापयंत्र यांना कामास कसें लावावयाचें, हें ही प्रणाली ठरविते. अर्थात् कचेरींतील किल्ल्यांचा जुडगा ज्याच्या हातीं पडला त्याच्या हातीं सारी शाळा पडली. म्हणूनच चोराचा डोळा नेहमीं या प्रणालीवर असतो.

ही प्रणाली माणसेंच लिहितात. मनुष्यास वाचतां येईल अशा सांकेतिक भाषेंत ती प्रथम लिहिली जाते. त्या लेखनास मूळ संहिता म्हणावें. मग त्या संहितेचें यंत्रास समजणाऱ्या शून्य-एकांच्या मालिकेंत रूपांतर होतें, व तें रूपांतर संगणकावर चालतें. पुष्कळ व्यापारी कंपन्या हें रूपांतर तेवढें विकतात व मूळ संहिता आपल्या तिजोरींत ठेवितात. आचारी पक्वान्न वाढतो, पण कृति सांगत नाहीं. उलट, जिची मूळ संहिता कोणासहि वाचण्यास, बदलण्यास व वांटण्यास मोकळी असते ती मुक्तस्रोत प्रणाली होय. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकज्ञानें इ. स. १९८३ सालीं अशा मुक्त प्रणालीची योजना जाहीर केली. आणि हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं अशा प्रणालीचा गाभा होऊं शकेल अशी आज्ञावली लिहून जगापुढें ठेवली. तीच लिनक्स.

आज तिचा विस्तार पाहून मन थक्क होतें. जगांतील सर्वांत वेगवान् अशा पांचशें महासंगणकांची जी यादी वर्षांतून दोनदां प्रसिद्ध होते, तींतील यच्चयावत् संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालत आले आहेत. इंटरनेटवरील सर्व्हरांचा फार मोठा भाग तिच्याच आधारें चालतो, आणि आपल्या खिशांतील अँड्रॉइड फोनचा गाभाहि तोच आहे. तेव्हां लिनक्सच्या सुरक्षिततेचा प्रश्न हा आतां मूठभर हौशी लोकांचा राहिलेला नाहीं. ज्याच्या घरीं संगणक नाहीं, पण ज्याचें बँकेंत खातें आहे, त्याचाहि तो प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, घराचा नकाशा चव्हाट्यावर टांगला तर चोराचें काम सोपें होणार नाहीं काय? हा आक्षेप वरवर पाहतां बिनतोड दिसतो. पण त्यास संगणकाच्या जन्मापूर्वींच उत्तर दिलें गेलें आहे. ऑग्यूस्त केर्कहॉफ्स या हॉलंडांत जन्मलेल्या व फ्रान्समध्यें भाषा शिकविणाऱ्या अध्यापकानें १८८३ सालीं लष्करी गुप्तलिपीविषयीं लिहितांना असें प्रतिपादन केलें कीं, लिपीची सारी रचना शत्रूच्या हातीं पडली तरी तिचें संरक्षण ढळतां कामा नये. गुप्त ठेवावयाची ती फक्त किल्ली. कुलूप कसें बनतें हें सगळ्या कारागिरांस ठाऊक असूनहि जें त्यांना उघडत नाहीं तेंच खरें कुलूप. ज्याचें बळ केवळ रचना झांकून ठेवण्यांत असतें, तें एखादा फुटीर कारागीर निघेपर्यंतच टिकावयाचें. मुक्तस्रोताच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद याच पायावर उभा आहे: संहिता उघडी असली म्हणजे अनेक जाणते तिच्यावर नजर ठेवूं शकतात, व दोष लवकर सांपडून लवकर दुरुस्त होतो.

शिवाय लिनक्सच्या रचनेंत संरक्षणाच्या तीन गोष्टी खरोखरच चांगल्या आहेत. पहिली, अधिकारांची विभागणी. रोजचें काम करणारा सामान्य वापरकर्ता निराळा व सर्वाधिकारी निराळा. या सर्वाधिकाऱ्यास रूट म्हणतात, व यंत्राच्या हिशेबीं त्याचा क्रमांक शून्य असतो. सामान्य वापरकर्त्याच्या हातून एखादी दुष्ट आज्ञावली चालली, तर ती त्याच्या स्वतःच्या फाइलींची नासधूस करील. पण रूटचा परवलीचा शब्द मिळाल्याशिवाय, अथवा प्रणालींत एखादें भोंक सांपडल्याशिवाय, सबंध यंत्राचा ताबा तिला सहसा घेतां येत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, बाहेरून उतरवून घेतलेली साधी फाइल आपोआप चालूं शकत नाहीं. तिला चालण्याची परवानगी मुद्दाम द्यावी लागते. तिसरी, भांडाराची पद्धति. डेबियन, उबुंटु, फेडोरा इत्यादि जे लिनक्सचे वितरक आहेत, त्यांच्या अधिकृत भांडारांतून आज्ञावल्या मिळतात, आणि प्रत्येक गठ्ठ्याची खातरजमा गणिती मोहोरेच्या साहाय्यानें होते. मोहोर जुळली नाहीं तर संगणक माल स्वीकारीत नाहीं. वाटेल त्या दारावरून वाटेल ती पुडी विकत घेण्यापेक्षां ही रीत पुष्कळच सुरक्षित आहे.

येथवर समजुतीचा खरा अर्धा झाला. आतां दुसऱ्या अर्ध्याकडे वळूं.

घरगुती संगणकांवर लिनक्सचे विषाणु क्वचित् आढळतात, याचें एक मोठें कारण सद्गुणाशीं संबंध नसलेलें आहे. मेजावरच्या संगणकांत लिनक्स वापरणारे लोक शेंकडा अगदीं थोडे. तेव्हां तेथें जाळें टाकून चोरास मिळावयाचें काय? जेथें पीक तेथें टोळ. परंतु जेथें लिनक्सचेंच राज्य आहे, म्हणजे सर्व्हरांवर व घरोघरच्या राउटरांत, तेथें टोळांस तोटा नाहीं. लिनक्सच्या जन्मापूर्वीं तिच्या पूर्वजाच्या, म्हणजे युनिक्सच्या, कुळांतील संगणकांवर २ नोव्हेंबर १९८८ रोजीं रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्यानें सोडलेल्या कृमीनें त्या काळच्या इंटरनेटवरील हजारों यंत्रें ठप्प केलीं. विषाणु दुसऱ्या आज्ञावलीस चिकटून पसरतो. कृमि स्वतःच एका यंत्रांतून दुसऱ्या यंत्रांत शिरतो, हा या दोहोंतील भेद. खुद्द लिनक्सवरचा पहिला विषाणु १९९६ सालीं आढळला. त्याचें नांव स्टाओग. तो फारसा पसरला नाहीं. पण जानेवारी २००१ मध्यें रामेन नांवाच्या कृमीनें रेड हॅट लिनक्सच्या ६.२ व ७.० या आवृत्त्यांवर हल्ला केला, तेव्हां त्यानें वापरलेल्या भोंकांवरील ठिगळें आधींच तयार होऊन पडलीं होतीं. तीं लावण्याचा आळस मात्र जगभर झाला होता.

आळसाचें याहूनहि मोठें प्रायश्चित्त जगानें २०१६ सालीं भोगलें. भिंतीवर टांगलेले पाळतीचे कॅमेरे, घरगुती राउटर, चित्रफिती सांठविणाऱ्या पेट्या यांच्या पोटांत बहुधा एक लहानसें लिनक्सच असतें. कारखान्यांतून हीं यंत्रें बाहेर पडतांना त्यांचा परवलीचा शब्द ठराविक असतो, व बहुतेक लोक तो बदलीत नाहींत. मिराई नांवाच्या आज्ञावलीनें हेंच हेरलें. जपानी भाषेंत या शब्दाचा अर्थ भविष्यकाळ असा आहे. तिच्यापाशीं अशा नांवांच्या व परवलीच्या शब्दांच्या सुमारें साठ जोड्यांची यादी होती. ती इंटरनेटवर दिसेल त्या यंत्राचें दार ठोठावी, एकेक जोडी लावून पाही, व दार उघडलें कीं त्या यंत्रास आपला गुलाम करी. कोणतीहि असामान्य विद्या तींत नव्हती. ही आज्ञावली तिच्या कर्त्यांनीं पुढें सर्वांस खुली केली. आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं अशा गुलाम यंत्रांच्या फौजेनें डिन या कंपनीवर एकदम विनंत्यांचा मारा केला. संकेतस्थळांच्या नांवांवरून त्यांचे पत्ते सांगणें हें त्या कंपनीचें काम. तें बंद पडतांच ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखीं मोठमोठीं स्थळें अमेरिकेंतील असंख्य लोकांस कांहीं तास दिसेनाशीं झालीं. मिराईची रचना करणारे तिघे तरुण होते. डिसेंबर २०१७ मध्यें त्यांनीं न्यायालयांत गुन्हा कबूल केला. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. मिराई यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतींत राही, म्हणून यंत्र बंद करून पुनः चालू केलें कीं ती नाहींशी होई; परंतु परवलीचा शब्द तोच ठेवला तर अल्पावधींत पुनः हजर होई. घर झाडलें, पण दार उघडेंच ठेवलें, तर दुसरें काय व्हावयाचें?

आतां "पुष्कळ डोळे" या तत्त्वाचीच परीक्षा करूं. इंटरनेटवरून जाणारा मजकूर मध्यें कोणीं वाचूं नये म्हणून तो गुप्तलिपींत घालण्याचें काम ओपन-एस-एस-एल या मुक्त आज्ञावलीकडे जगांतील असंख्य सर्व्हरांनीं सोंपविलें आहे. तींत एक सोय अशी आहे कीं, दोन संगणकांचा संबंध जिवंत आहे ना, हें पाहण्यासाठीं एकानें दुसऱ्यास एखादा शब्द पाठवावा व दुसऱ्यानें तो जसाच्या तसा परत करावा. समजा, मीं सांगितलें, "हा आंबा शब्द घ्या, यांत दोन अक्षरें आहेत, तीं परत पाठवा." उत्तर आलें, "आंबा." येथवर ठीक. पण मीं लबाडीनें सांगितलें, "हा आंबा शब्द घ्या, यांत हजारों अक्षरें आहेत, तीं परत पाठवा," तर? अक्षरें मोजून पाहण्याचें कलम लिहिणाऱ्याच्या हातून राहून गेलें होतें. त्यामुळें सर्व्हर 'आंबा' हा शब्द देऊन शिवाय आपल्या स्मृतींत त्याच्या शेजारीं जें कांहीं असेल, म्हणजे कोणाचा परवलीचा शब्द, कोणाचें पत्र, प्रसंगीं स्वतःची गुप्त किल्ली, तें सर्व त्या हजारोंचा आंकडा भरेपर्यंत देऊन मोकळा होई. एका खेपेस चौसष्ट किलोबाइटपर्यंत मजकूर असा निघे. हा दोष मार्च २०१२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आवृत्तींत होता; तो जगास कळला ७ एप्रिल २०१४ रोजीं. त्यास हार्टब्लीड असें नांव पडलें. दोन वर्षें संहिता सर्वांपुढें उघडी होती, आणि दोन वर्षें ही चूक कोणीं उघड केली नाहीं.

असें कां व्हावें? बिरबलाच्या गोष्टींतील दुधाचा हौद सर्वांस ठाऊक आहे. प्रत्येक नागरिकानें विचार केला कीं, बाकीचे सगळे दूध ओततील. आपलें एक घागर पाणी त्यांत कोणास दिसणार? आणि सकाळीं हौद पाण्यानें भरलेला आढळला. संहिता पुष्कळांस वाचतां येते म्हणून ती कोणीतरी वाचलीच असेल, असें ज्यानें त्यानें गृहीत धरलें. सत्य असें होतें कीं, ज्या आज्ञावलीवर जगाचा एवढा व्यापार चालला होता, तिला वर्षाकांठीं मिळणाऱ्या देणग्या सुमारें दोन हजार डॉलर होत्या, आणि तिच्यावर पूर्ण वेळ काम करणारा मनुष्य एकच होता. हार्टब्लीडच्या धक्क्यानंतर मोठमोठ्या कंपन्यांनीं एकत्र येऊन अशा कामांस पैसा पुरविण्याची योजना त्याच महिन्यांत उभी केली. आग लागल्यावर कां होईना, विहीर खणावयास आरंभ झाला.

हार्टब्लीड ही चूक होती. कपटाचा प्रकार याहून निराळा. नोव्हेंबर २००३ मध्यें लिनक्सच्या गाभ्याच्या संहितेच्या एका दुय्यम प्रतींत कोणी अज्ञातानें दोन ओळी घुसडल्या. ज्या भाषेंत हा गाभा लिहिलेला आहे, तींत बरोबरीचीं दोन चिन्हें लागोपाठ लिहिलीं तर "हें याच्याबरोबर आहे काय?" असा प्रश्न होतो, एकच चिन्ह लिहिलें तर "हें याच्याबरोबर कर" अशी आज्ञा होते. त्या ओळींत वरवर पाहतां "वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे काय?" असा निरुपद्रवी प्रश्न दिसे, पण चिन्ह एकच होतें. म्हणजे, विवक्षित रीतीनें हाक मारणाऱ्या कोणाहि सोम्यागोम्यास क्रमांक शून्य, अर्थात् सर्वाधिकारी रूट, करून टाकण्याची ती आज्ञा होती. दुय्यम प्रत मूळ प्रतीशीं ताडून पाहण्याचा शिरस्ता असल्यामुळें फरक तात्काळ दिसला, व तें विष मुख्य संहितेपर्यंत पोंचलें नाहीं. एका चिन्हाचा फरक क्षुल्लक मानणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावें.

फेब्रुवारी २०१६ मध्यें लिनक्स मिंट या लोकप्रिय वितरणाच्या संकेतस्थळांत चोर शिरले, आणि प्रणाली उतरवून घेण्याचा दुवा बदलून त्यांनीं आपल्या विषारी प्रतीकडे वळविला. येथें संहिता निर्दोष होती. वाट दूषित झाली. विहीर स्वच्छ असून पखालींत विष कालवावें तसा हा प्रकार.

परंतु या सर्वांहून अधिक विचार करावयास लावणारें प्रकरण २०२४ सालचें आहे. फाइलींचा आकार दाबून लहान करणारी एक्स-झेड नांवाची आज्ञावली बहुतेक सर्व लिनक्स वितरणांत असते. ती कित्येक वर्षें एकच गृहस्थ, वेतनावांचून, आपल्या फावल्या वेळांत सांभाळीत होता. २०२१ सालापासून जिया तान असें नांव सांगणारा कोणी मदतीस येऊं लागला. तो मन लावून काम करी, दुरुस्त्या सुचवी, नम्रपणें वागे. त्याच सुमारास कांहीं अपरिचित नांवांनीं पत्रें येऊं लागलीं: काम फार मंद चाललें आहे, दुसऱ्या कोणास अधिकार द्या. थकलेल्या त्या गृहस्थानें हळूहळू नव्या मदतनिसास विश्वासांत घेतलें व अधिकार दिले. दोन वर्षांहून अधिक काळ इमानानें राबल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्यें या मदतनिसानें जी आवृत्ति काढली, तींत चोरदरवाजा होता. तो सर्वांस दिसणाऱ्या संहितेंत सरळ लिहिलेला नव्हता. चाचणीसाठीं म्हणून ठेवलेल्या, वाचतां न येणाऱ्या फाइलींत तो दडविला होता. आणि त्यास बाहेर काढणारी कळ फक्त वितरणासाठीं बांधलेल्या गठ्ठ्यांत घातली होती. हा गठ्ठा कांहीं वितरणांत जाऊन बसला असतां, ज्याच्यापाशीं एक विशिष्ट गुप्त किल्ली आहे, त्यास दुरून त्या सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवितां आली असती.

तो सांपडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्ट कंपनींत काम करणारा अभियंता दुसऱ्याच एका कामाच्या वेगाचें मोजमाप करीत होता. त्याच्या ध्यानांत आलें कीं, दुरून संगणकांत प्रवेश करतांना नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागत आहे. "असेल कांहींतरी" असें म्हणून त्यानें तें सोडून दिलें नाहीं. तो धागा धरून तो मागें मागें गेला, व मूळाशीं जाऊन पोंचला. २९ मार्च २०२४ रोजीं त्यानें हें कपट जगापुढें मांडलें. तो उत्तम शुक्रवारचा दिवस होता. फेडोरा, डेबियन यांच्या चाचणीच्या आवृत्त्यांत विष शिरलें होतें. जगाचे मुख्य सर्व्हर ज्यांवर चालतात त्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत तें अद्याप पोंचलें नव्हतें. जिया तान या नांवामागें कोण होतें, हें आजवर उघड झालेलें नाहीं.

मत्तयाच्या शुभवर्तमानांत गव्हाच्या शेतांत रात्रीं निदण पेरून जाणाऱ्या वैऱ्याचा दृष्टान्त आहे. तो वैरी लोक झोंपीं गेल्यावर आला व पेरून निघून गेला. हा नवा वैरी भर दिवसां आला, शेतावर मजूर म्हणून राहिला, दोन वर्षें खरोखर चांगला गहूं पेरीत राहिला, व मग निदणाची मूठ टाकली. दृष्टान्तांतील धन्यानें कापणीपर्यंत थांबावयास सांगितलें होतें. आज्ञावलीच्या शेतांत मात्र थांबून चालत नाहीं.

या प्रकरणावरून दोन्ही पक्ष आपापला विजय सांगतात. एक पक्ष म्हणतो, संहिता खुली होती म्हणूनच एका त्रयस्थ अभियंत्यास शेवटपर्यंत शोध घेतां आला. बंद प्रणालींत तो अर्धा सेकंद तसाच पचला असता. दुसरा म्हणतो, खुलेपणामुळेंच कोणी अनोळखी मनुष्य घरांत येऊन किल्ल्या मिळवूं शकला, व तो सांपडला तो निव्वळ योगायोगानें. मला वाटतें, दोघांचेंहि म्हणणें खरें आहे, आणि त्यांतून निघणारा सिद्धान्त एकच: खुलेपणा ही तपासणीची संधि आहे; तपासणी ही निराळी गोष्ट असून ती कोणीतरी कष्टानें करावी लागते. ग्रंथालयाचें दार उघडें आहे म्हणून गांव विद्वान् होत नाहीं.

आतां आपल्या देशाकडे पाहूं. ज्या सी-डॅक संस्थेचें मुख्य केंद्र पुण्यास आहे, तिनें २००७ सालीं भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स, म्हणजेच बॉस, ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली काढली, व ती सरकारी कचेऱ्यांतून वापरली जाते. २०२५ सालीं अशाच संगणकांस लक्ष्य करून सभेच्या सूचनेचें सोंग घेतलेल्या फाइली ई-पत्रांतून पाठविण्यांत आल्या. त्या दिसावयास कागदपत्रासारख्या, परंतु वस्तुतः आज्ञा चालविणारे दुवे होते. उघडणाऱ्यास खरोखरच एक कागद दिसे, व पाठीमागें हेराची आज्ञावली संगणकांत शिरे. फोनवरहि हाच खेळ चालतो. व्हॉट्सॅपवर लग्नपत्रिका अथवा वाहतूक पोलिसांच्या दंडाची पावती म्हणून जी फाइल येते, तिच्या नांवाच्या शेवटीं "एपीके" हीं अक्षरें असलीं तर ती पत्रिका नव्हे. ती फोनमध्यें बसूं पाहणारी आज्ञावली होय. ती बसविली, मागेल त्या परवानग्या दिल्या, कीं बँकेचे संदेश दुसऱ्याच्या हातीं जातात व खातें रिकामें होतें. महाराष्ट्रांतहि लोक असे फसले आहेत. लक्षांत घ्या, या फसवणुकींत प्रणालीचें कोणतेंच कुलूप तुटत नाहीं. मालक स्वतःच्या हातानें दार उघडतो.

तेव्हां करावें काय? नियम थोडे आहेत, व ते पाळण्यास पैसा लागत नाहीं. दुरुस्तीचीं ठिगळें, ज्यांस अपडेट म्हणतात, तीं आलीं कीं लावावीं. रामेनची हकीकत विसरूं नये. आज्ञावली घ्यावयाची ती अधिकृत भांडारांतूनच घ्यावी. सबंध प्रणाली उतरवून घेतल्यास तिची मोहोर ताडून पाहावी. कोणा अनोळखी मनुष्यानें सांगितलेली आज्ञा, तिचा अर्थ समजल्याशिवाय, रूटच्या अधिकारानें कदापि चालवूं नये. घरांतील राउटर व कॅमेरा यांचा मूळ परवलीचा शब्द आणल्या दिवशींच बदलावा. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत संगणकापासून अलग ठेवावी. आणि एवढें करूनहि कोणी फसलाच, तर लाजेनें गप्प बसण्यांत वेळ न घालवितां सायबर गुन्ह्यांसाठीं असलेल्या १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावें. पैसा अडविण्यास पहिल्या कांहीं तासांचें मोल फार असतें. घरांतील वडील माणसांस हें समजावून सांगण्याचें काम विद्यार्थ्यांनीं अंगावर घ्यावें, कारण अशा फाइली बहुधा त्यांच्याच फोनवर येतात.

याशिवाय एक कर्तव्य आहे, तें मात्र थोड्यांनाच जमेल. मुक्तस्रोताचें हें शेत कोणा एका धन्याचें नाहीं. जगांतील हजारों माणसें त्यावर राबतात, कित्येक तर फुकट राबतात, आणि त्याचें पीक आपण सर्व खातों. आपल्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांस गणिताची व तर्काची आवड आहे, त्यांनीं या संहिता नुसत्या वापरण्यावर संतुष्ट न राहतां त्या वाचावयास शिकावें. आरंभीं फारसें कळणार नाहीं. पण व्याकरण शिकणारा जसा हळूहळू अशुद्ध ओळखूं लागतो, तसा वाचणाराहि हळूहळू दोष ओळखूं लागतो. मग सांपडलेला दोष, लहान असला तरी, त्या त्या आज्ञावलीच्या सांभाळकर्त्यास सौजन्यानें कळवावा. आणि तो एकटा व थकलेला आहे असें दिसल्यास त्याच्यावर तगादा न लावतां त्याच्या ओझ्यास हात द्यावा. पहाऱ्यावर डोळे पुष्कळ आहेत, असें म्हणून ज्यानें त्यानें आपले मिटले, तर पहारा उरतो कोठें?